विजू, त्याची वाइन आणि माझं नाक

प्रणालीचा फोन आला तेव्हा मी दगडफूल तेलावर परतत होते. दगडफूल कढईत असताना मी फोन घेत नाही, हे माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना आणि नातेवाइकांना ठाऊक आहे. क्षणभर लक्ष हटलं की ते कडू पडतं आणि मग अख्ख्या मसाल्याची वाट लागते. पण प्रणाली एवढ्या सकाळी कधी फोन करत नाही, म्हणून घेतला. ती वाइनरीत काम करते, तिथूनच बोलत होती. आधी नुसतीच "ताई... ताई..." करत राहिली आणि मग म्हणाली, "सर उठलेच नाहीत हो." सर म्हणजे माझा धाकटा भाऊ विजू. आठवड्यातले पाच दिवस तो तिथल्याच एका खोलीत राहायचा. पहाटे झोपेतच त्याचं हृदय थांबलं होतं. मी "बरं, निघते" म्हणाले, फोन ठेवला, दगडफूल कढईतून परातीत काढून पसरलं, गॅस बंद केला आणि मग खुर्चीत बसून रडले. हे ऐकून काही जणांनी माझ्याकडे विचित्र नजरेनं बघितलं. विजूनं बघितलं नसतं. त्यानं पहिल्यांदा हेच विचारलं असतं की मसाला जळला नाही ना.

आता दीड महिना झाला. कर्वेनगरच्या त्याच्या घरी भेटायला येणाऱ्यांची वर्दळ कमी झाली आहे, आणि आलेल्यांना "म्हणजे नक्की काय करायचे हो ते?" याचं उत्तर देऊन त्याची बायको सुनंदा थकली आहे. म्हणून हे लिहायला बसले. विजू वाइन करायचा. नाशिक रस्त्याला, पुण्यापासून दोन-अडीच तासांवर एक छोटी वाइनरी आहे, तिथे त्यानं उभी हयात काढली. आमच्या नात्यात हे सरळ सांगायची पद्धत नव्हती. वडील हयात असेपर्यंत "फळप्रक्रिया उद्योगात असतो" असं सांगत, आई "द्राक्षांचं काहीतरी बघतो" म्हणायची, आणि एका आत्याचा शेवटपर्यंत समज होता की आमचा विजू मनुके करतो. आता मी स्वतः आयुष्यात थेंबही घेतला नव्हता. नारायण पेठेतल्या माझ्या स्वयंपाकघरात तीस वर्षं गोडा मसाला करते, तो विकते, आणि त्यातच माझं नाक तयार झालेलं आहे. तरी साध्या वाइनमध्ये आणि बुडबुड्यांच्या वाइनमध्ये फरक काय, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. कारण विजू दुसरं काही बोलायचाच नाही.

या वेडाची सुरुवात आमच्या आईनं केली, तीही तिला न कळता. विजू तेव्हा कॉलेजात होता, सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गात. शिकलेलं करून बघायचं म्हणून त्यानं मंडईतून द्राक्षं आणून घरातच वाइन केली, गुलाबाच्या सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत भरली आणि माळ्यावर लपवली. चैत्रातल्या हळदीकुंकवासाठी आई माळ्यावरून मोठी पातेली काढायला चढली, तेव्हा तिला त्या सापडल्या. तिला वाटलं द्राक्षाचं सरबत. बोट बुडवून चाखलं तर आंबट! पोराला साखरेचा अंदाज नाही, असं म्हणून तिनं प्रत्येक बाटलीत चांगली चमचा-चमचा साखर घातली, बुचं ठोकून बसवली, आणि एकदोन बुचं आपोआप वर येताहेत असं दिसल्यावर ती सुतळीनं करकचून बांधून टाकली. हळदीकुंकवाला बायकांना पन्ह्याऐवजी यंदा हेच द्यावं, असाही तिचा बेत होता. तो बाटल्यांनीच हाणून पाडला. ऐन गर्दीत, आंब्याची डाळ वाढत असताना, माळ्यावर एकामागून एक असे धडाके झाले की "सिलिंडर, सिलिंडर" असा ओरडा करत बायका ओटीतले हरभरे सांडत जिन्याकडे पळाल्या. भिंतीवरून जांभळे ओघळ येत होते. विजू संध्याकाळी घरी आला तर रागावला नाही, घाबरला नाही. एक बाटली शाबूत राहिली होती ती त्यानं गॅलरीत नेऊन उघडली, जीभ लावली, आणि आईकडे असा बघत राहिला की जणू तिला आज पहिल्यांदाच बघतोय. "आई, तू काय केलंस माहीत आहे का?" आई म्हणाली, "साखर घातली. तू विसरला होतास."

साध्या आणि बुडबुड्यांच्या, म्हणजे स्पार्कलिंग, वाइनमधला सगळा फरक या एका प्रकरणात आहे, असं तो पुढे जन्मभर सांगायचा. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं. त्यातून दारू तयार होते आणि गॅस तयार होतो. भांडं उघडं असतं, गॅस उडून जातो, वाइन निवते, स्थिर होते. झाली साधी वाइन. आता तीच वाइन जाड बाटलीत भरायची, थोडी साखर आणि थोडं यीस्ट पुन्हा घालायचं आणि तोंड घट्ट बंद करायचं. आत पुन्हा तोच उद्योग सुरू होतो, फक्त या वेळी गॅसला पळून जायला वाट नसते, म्हणून तो वाइनमध्येच विरघळून बसतो. बुडबुडे वरून भरलेले नसतात, आतच जन्मलेले असतात. स्वस्तातल्या वाइनमध्ये सोड्यासारखा गॅस भरतात, त्याबद्दल विजूसमोर बोलायची सोय नव्हती. "तो गॅस पाहुणा असतो गं," म्हणायचा, "पेला भरला की निघाला. आपला घरचा असतो, सावकाश येतो."

त्याचं लग्न ठरलं तेही याच व्याख्यानावर. सुनंदाचे वडील एका कारखान्यात बॉयलर खात्याला होते. कडक गृहस्थ. मुलगा दारूच्या कंपनीत आहे, हे कुणीतरी आधीच त्यांच्या कानावर घातलेलं. बैठकीत त्यांनी सरळच विचारलं, "आपण नेमकं काय करता?" आमच्या वडिलांनी 'फळप्रक्रिया' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात विजू सुरू झाला. बाटली बंद कशी करतात, आत दाब कसा वाढतो, गाडीच्या चाकात असतो त्याच्या दुपटी-तिपटीनं कसा असतो... आईनं माझा हात दाबला. संपलं सगळं, असं आम्ही धरून चाललो. पण दाब हा शब्द ऐकल्यावर ते गृहस्थ खुर्चीत पुढे सरकले. "मग काच किती जाड? आणि बुडाला तो खळगा कशासाठी?" पोहे निवून गेले. मुलगी कुठल्या रंगाची साडी नेसली आहे हे विजूनं पाहिलं नाही, आणि सुनंदा ते आजही ऐकवते. शेवटी सासऱ्यांनी निर्णय दिला, "ज्याला दाब कळतो तो माणूस बेजबाबदार नसतो." सुनंदा म्हणते, तिचं लग्न बाटलीशीच लागलं, फक्त लोक समजतात त्या अर्थानं नाही.

आणि मग तो तापाचा काळ आला, सगळं जग दारं लावून बसलं होतं तेव्हाचा. विजूला ताप आला, गेला, खोकला गेला, सगळं ठीक झालं. बाहेर पडायची मोकळीक मिळाल्यावर एके दिवशी तो माझ्याकडे आला. मी खोबरं भाजत होते. दाराशी कुरिअरवाला आला म्हणून मी गेले, सही केली, जरा बोलत राहिले. परत वळते तो जिन्यापर्यंत करपल्याचा वास. आत आले तर विजू शेगडीपासून दोन हातांवर, पाठ करून, निवांत पेपर वाचत बसलेला. मी ओरडलेच. "अरे, नाक आहे का काय आहे? जळतंय ते कळत नाही?" त्यानं पेपर खाली ठेवला. कढईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "नाही कळत, ताई." एवढंच म्हणाला. मला आधी वाटलं, थट्टा करतोय. मग त्याचा चेहरा बघितला आणि मी गॅस बंद करून त्याच्यासमोर बसले. काही महिन्यांपासून त्याला कशाचाच वास येत नव्हता. चहाचा नाही, साबणाचा नाही, वाइनचा नाही. डॉक्टर म्हणत होते येईल हळूहळू. तो आला नाही, पुढेही कधीच आला नाही.

गवयाचा कान जावा तसं ते होतं, आणि सुनंदा सोडली तर कुणाला ठाऊक नव्हतं. वाइनरीत तर नाहीच. त्याच्या हातात त्या वेळी वर्षातलं सगळ्यात नाजूक काम होतं. बुडबुड्यांच्या वाइनसाठी द्राक्षं लवकर तोडतात, आंबट असताना, आणि वेगवेगळ्या शेतांतल्या द्राक्षांची साधी वाइन वेगवेगळ्या टाक्यांत करून ठेवतात. मग कुठली कुणात किती मिसळायची ते ठरवायचं, आणि ते मिश्रण बाटल्यांत बंद करायचं. हे ठरवणारं नाक विजूचं होतं. पंचवीस वर्षं त्यावर कंपनी चालली होती. मालक चांगले होते, पण 'मला वास येत नाही' हे वाक्य तोंडातून काढलं की आपण तिथे कोण उरतो, हे विजूला कळत नव्हतं. तो त्या दिवशी मला म्हणाला, "ताई, एक काम करशील? प्यायचं नाही. फक्त हुंगायचं."

पुढच्या आठवड्यात तो औषधाच्या बाटल्यांएवढ्या चार बाटल्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून घेऊन आला. उंच दांड्याचे काचेचे पेलेही आणले, कारण मी स्टीलच्या वाट्या काढल्या होत्या आणि त्या बघून त्याला घाम फुटला. दुपारची वेळ. खिडक्या लावल्या, मसाल्याचे डबे आतल्या खोलीत नेले. मी पहिला पेला नाकाशी धरला आणि म्हणाले, "लिंबाची साल. नखानं खरवडलेली." तो डोळे मिटून ऐकत होता. दुसरा: कच्चा पेरू. तिसरा: फारसं काही नाही, भिजत घातलेले तांदूळ. त्यावर तो हसला, म्हणाला, "बरोबर, ती टाकी कायमच तशी." चौथा नाकाशी नेला आणि मी लगेच बाजूला घेतला. उग्र, ओल्या दगडासारखा, थोडा धुरकट. "हे काय रे? हे तर दगडफूल आहे." विजूचा चेहरा पडला. "म्हणजे बिघडली. मला शंका होतीच. चौथी टाकी सोडून देऊ."

मी नाही म्हणाले. का म्हणाले, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, पण ज्या बाईनं कधी गोडा मसाला केला आहे तिला सांगावं लागणार नाही. दगडफूल एकटं हातात घेऊन हुंगा, कुणी म्हणेल हे फेकून द्या. पण ते वगळून मसाला करून बघा, नुसता धण्या-खोबऱ्याचा गोडसर भुगा लागतो, त्याला बूडच नसतं. मी विजूला म्हणाले, "बाकीचे तिघे फार शहाणे आहेत. हा हवा. थोडा, पण हवा." मग दुपारभर आम्ही थेंब मोजल्यासारखं मिसळत बसलो. मी हुंगायची, मान हलवायची, तो आणखी जरा घालायचा. एका मिश्रणाला मी थांबले. "हे." विजूनं तो पेला बाजूला ठेवला. मग म्हणाला, "ताई, साधी वाइन असती ना, तर मी इतकं विचारलं नसतं. ती टाकीत असते, महिन्यानं चाखता येते, चुकली तर सावरता येते. ही एकदा बाटल्यांत बंद केली की हात लावता येत नाही. पाच हजार बाटल्या आहेत. दोन-तीन वर्षं तशाच पडून राहणार. आत काय चाललंय ते कुणाला कळणार नाही. पक्कं का?" मी म्हणाले, "पक्कं." तो म्हणाला, "पुन्हा एकदा हुंग. मी विचारतोय, कारण मला खरंच काही कळत नाहीये." माझ्या धाकट्या भावानं आयुष्यात कधी मला असं विचारलं नव्हतं. मी पुन्हा हुंगलं आणि पुन्हा पक्कं म्हणाले, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या पाच हजार बाटल्या मोजत राहिले. माझ्या एका शब्दावर ह्याची पंचवीस वर्षं लागली होती.

बाटल्या भरल्या गेल्या. तळघरात आडव्या पडल्या. पुढच्या हंगामाआधी विजूनं जाऊन मालकांना सगळं सांगून टाकलं, म्हणजे निदान मिश्रणाच्या दुपारचं सोडून सगळं. मालक म्हणाले, "नाक गेलं असेल, डोकं आहे ना शाबूत?" आणि यवतमाळहून शिकायला आलेली, नुकतीच नोकरीला लागलेली प्रणाली त्याच्या हाताखाली दिली. पुढच्या वर्षांची मिश्रणं तिच्या नाकानं झाली. ती एकच तुकडी माझी. विजू दर वर्षी त्यातली एखादी बाटली काढून बघत असे, पण माझ्याकडे कधी आणली नाही. "अजून व्हायचीय," म्हणायचा. मीही विचारत नसे. यीस्ट बाटलीत साखर खाऊन संपवतं आणि मग मरतं, त्याचा गाळ आतच राहतो, आणि वाइन त्या गाळावर जितकी पडून राहील तितकी तिला चव येते, हेही त्यानंच सांगितलेलं. "मेल्यावर खरं काम करतं ते," असं म्हणाला होता. तेव्हा मी त्याला, जेवताना असलं काही बोलू नकोस, म्हणून गप्प केलं होतं.

त्या वर्षांतला विजू मला आठवतो तो त्याच्या साठाव्या वाढदिवसाचा. कर्वेनगरला सुनंदानं पुरणपोळी केली होती, मोजकी माणसं होती. कुणीतरी भारी किमतीची लाल वाइन आणली होती. विजूनं घोट घेतला, छान आहे म्हणाला आणि पेला बाजूला ठेवला. मी शेजारीच होते, मला हळूच म्हणाला, "वास नाही तर साधी वाइन म्हणजे आंबट पाणी, ताई." मग त्यानं स्वतःच्या वाइनरीची स्पार्कलिंग उघडली. पेला भरला आणि आधी कानाशी नेला. खरंच, कानाशी, शंख धरावा तसा. मग घोट घेऊन तो तोंडात धरून ठेवला, डोळे मिटून. "ही अजून काहीतरी करते," म्हणाला. "टोचते." मला इतकं भरून आलं. ज्या माणसाला आठ-आठ शेतांतली द्राक्षं वासावरून ओळखता यायची, त्याच्या वाट्याला आता एवढंच उरलं आहे, जिभेवर टोचणं. मी स्वयंपाकघरात गेले आणि विनाकारण भांडी विसळत बसले. त्यानंतर त्याच्या हातात पेला दिसला की मी दुसरीकडे बघायची.

आमची शेवटची भेट अगदी साधी झाली. तो माझ्याकडे चहाला आला होता, निघताना चपला घालता घालता म्हणाला, "ताई, आपली तुकडी यंदा काढू. तू यायचंस." मी म्हणाले, "माझे मसाल्याचे दिवस आहेत, बघू." तो म्हणाला, "बघ बघ," आणि जिना उतरला.

मागच्या रविवारी सकाळी सुनंदाचा फोन आला, "ताई, लगेच येता का? प्रणाली आलीय, आणि तिनं मोरी ताब्यात घेतलीय." मी रिक्षा करून गेले. प्रणाली वाइनरीपासून एक बाटली उलटी धरून घेऊन आली होती, गाडीत खास खोक्यात, तोंड खाली करून, म्हणजे सगळा गाळ बुचापाशी जमलेला राहील. एरवी हे बाटलीची मान गोठवून यंत्रावर करतात, गाळाचा बर्फ होऊन उडून जातो. ती हातानं करणार होती, विजूनं शिकवलं तसं. "सर म्हणाले होते, ताईंची तुकडी काढायची तर साखरेचं ताईंना विचारायचं," ती म्हणाली. "मी म्हटलं, सर, तुम्हीच विचारा ना. तर म्हणे, ती माझ्यापाशी खरं बोलणार नाही, मला बरं वाटावं म्हणून छान म्हणेल." ते खरं होतं. मी बादली आणायला उठले.

मोरीत बादली ठेवली. दारात मी आणि सुनंदा. "टाइल्सवर डाग पडले तर तूच पुसायचे," सुनंदा म्हणाली. प्रणालीनं बाटली हळूहळू वर उचलत आणली, नेमक्या क्षणी झाकण उडवलं, फट्ट आवाज झाला, फेसाबरोबर गढूळ पाणी बादलीत गेलं आणि तिनं अंगठ्यानं तोंड दाबून धरलं. मग टेबलापाशी येऊन तीन पेले भरले. पहिला तसाच. दुसऱ्यात साखरेच्या पाकाचे थोडे थेंब, तिसऱ्यात जरा जास्त. गाळ काढल्यावर बाटली जी थोडी रिकामी होते ती भरून काढताना किती गोडी घालायची, हे ठरवायचं होतं. तेवढं एकच आता हातात होतं. बाकी सगळं चार वर्षांपूर्वी माझ्या जेवणाच्या टेबलावर ठरून गेलं होतं.

मी पहिला पेला उचलला खरा, पण नाकाशी न्यायला घाबरत होते. सांगायला लाज कसली. पाच हजार बाटल्या. आणि समजा चूक निघाली असती तर ती आता विजूच्या नावावर लागली असती, त्याच्या शेवटच्या नावाजण्यासारख्या कामावर, आणि हे मी केलं असं कुणाला पटलंही नसतं. मी हुंगलं. लिंबाची साल होती, पण मुरलेली, पेरू मागे गेला होता. आणि या सगळ्याच्या वर असा एक वास, जो त्या चार छोट्या बाटल्यांत कुठेच नव्हता, बेकरीच्या मागच्या दाराशी पहाटे येतो तसा, भाजलेला, ऊबदार. तो आत राहून तयार झाला होता. मग मी दगडफूल शोधलं. पुन्हा शोधलं. सापडेना. मसाल्यातही असंच असतं. सापडलं तर समजावं जास्त झालं. सापडत नाही आणि तरी सगळ्याला बूड आहे, म्हणजे जमलं. "ताई?" प्रणाली विचारत होती. मी म्हणाले, "जमलंय गं." सुनंदा तिथेच खुर्चीवर बसली आणि पदर तोंडाला लावला.

"आणि गोडी?" प्रणाली म्हणाली. मी तिन्ही पेले पाठोपाठ हुंगले. काहीच फरक नाही. पुन्हा हुंगले. मग लक्षात आलं आणि हसू आलं. साखरेला वास नसतो. नाकाचं काम इथे संपलं होतं. प्रणाली संकोचून म्हणाली, "ताई, तुम्ही घेत नाही, मला माहीत आहे. मी आणि काकू ठरवतो." मी म्हणाले, "थांब." त्यानं माझ्यावर सोपवलं होतं, अर्धं करून कसं चालेल? मी पहिल्या पेल्यातला घोट घेतला. मग दुसऱ्यातला, मग तिसऱ्यातला. पहिला जरा कडक होता, तिसरा लाडावलेला. "दुसरा," मी सांगितलं, आणि प्रणालीनं मान डोलावली, तिलाही तोच वाटला होता. काम झालं होतं. त्या दोघी बोलायला लागल्या. मी दुसरा पेला तसाच हातात धरून बसले आणि आणखी एक घोट घेतला, आता काही ठरवायचं नसताना.

या वेळी मी तो तोंडात धरून ठेवला. गार होता. आणि मग जिभेवर, टाळ्याला, गालांच्या आतून, सगळीकडून ते सुरू झालं. टोचणं हा शब्द विजूनं वापरला होता, पण तो अगदीच तोकडा आहे. ते जिवंत होतं. लहानपणी नदीत पाय सोडून बसलं की मासळ्या पायाला लुचतात, तसं काहीतरी, अखंड, आणि त्यात एक हसू फुटेल अशी गंमत होती. मी डोळे मिटले आणि पेला कानाशी नेला, आणि आत बारीक पाऊस पडावा तसा आवाज येत होता. त्या वाढदिवसापासून मी या माणसाकडून नजर वळवून घेत होते. बिचाऱ्याला एवढंच उरलं, म्हणून. सुनंदा म्हणाली, "ताई, काय झालं? कडू लागतंय का?" मी मान हलवली. पेला अजून कानाशीच होता. विजूकडे पुष्कळ उरलं होतं, शेवटपर्यंत, आणि मला ते त्याच्यासमोर बसून, त्याच्याबरोबर एक घोट घेऊन, कधीही कळू शकलं असतं.